वाइन म्हणजे पानाची डावी बाजू: इटालियन जेवणाबरोबर काय घ्यावं?

दीड वर्षापूर्वी मिलानला राहायला आलेल्या एका मराठी जोडप्याचा प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे दहा माणसं जेवायला आहेत, निम्मी शाकाहारी. बेत ठरलेला आहे: सुरुवातीला कोथिंबीर वडी (ती राहणारच, असं त्यांनी बजावलं आहे), मग पेस्तोचा पास्ता, टोमॅटोचा झणझणीत पास्ता, मशरूमचा रिसोत्तो, ओव्हनमध्ये भाजलेला मासा, मटण आणि शेवटी तिरामिसू. 'मटणाला रेड, माशाला व्हाइट' एवढंच ठाऊक आहे. दुकानात शंभर नावं दिसतात आणि काही न घेताच घरी परतावं लागतं. काय घ्यावं?

गेली सोळा वर्षं मी इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोंते प्रांतात वाइनचं काम करतोय. पाहुण्यांनी काय मागवलंय ते बघून कोणती बाटली उघडावी हे सांगणं आणि ती त्यांच्या पेल्यात ओतणं, हेच रोजचं काम. पहिली गोष्ट सांगतो ती ही, की मांसाच्या रंगावरून वाइन ठरवू नका. कोल्हापूरला पांढरा रस्सा आणि तांबडा रस्सा एकाच मटणाचे असतात, पण त्या दोन वाट्यांची चव एक आहे असं कोणी म्हणेल का? ताटात जोर कशाचा आहे ते बघायचं: आंबट टोमॅटोचा, लोण्याचा, चीजचा, मिरचीचा, की जाळावर भाजल्याचा. वाइन त्या जोराशी जुळवायची.

दुसरी गोष्ट आंबटपणाची, आणि इटलीत ती सगळ्यांत महत्त्वाची. इथल्या बऱ्याच वाइन नुसत्या प्यायल्या तर आंबट लागतात, काही शेवटी किंचित कडवटही. नव्या माणसाला वाटतं, आपण चुकीची बाटली आणली. ती वाइन जेवणाबरोबर घ्यायची असते. आपण पान वाढतो तेव्हा डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं येतं. त्यानं पोट भरायचं नसतं. उजवीकडच्या वरणभाताचा दहावा घासही पहिल्यासारखा लागावा, म्हणून ते पानात असतं. इटालियन जेवणात हे काम वाइन करते. तुपकट, चीजनं भरलेला घास तिनं धुऊन निघतो आणि जीभ पुढच्या घासाला तयार होते. हे एकदा ध्यानात आलं की निम्मं दुकान आपोआप समजायला लागतं.

घरी एक प्रयोग करा. टोमॅटोचा साधा सॉस करा: ऑलिव्ह तेल, लसूण, टोमॅटो, मीठ. चमचाभर चाखा आणि लगेच कमी आंबट, लाकडाच्या पिंपात मुरवलेल्या एखाद्या जड वाइनचा घोट घ्या. वाइन मिळमिळीत लागेल, जणू कोणी तिच्यात पाणी घातलंय. मग पुन्हा चमचाभर सॉस, आणि आता बार्बेरा या रेड वाइनचा घोट. नुसती प्यायल्यावर दात आंबवणारी हीच बार्बेरा एकदम गोलसर, फळांच्या चवीची लागते. कारण सरळ आहे: आंबट पदार्थानंतर वाइनचा आंबटपणा जिभेला कमी जाणवतो. म्हणून वाइन पदार्थाइतकी किंवा त्याहून थोडी जास्त आंबट हवी. गोडाचंही तसंच. गोड खाऊन कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन प्यायलात तर ती आंबटढाण लागते. मीठ वाइनला मऊ करतं आणि तिखटामुळे अल्कोहोलची आग वाढते.

राहिला तुरटपणा, ज्याला टॅनिन म्हणतात. कच्च्या सुपारीनं किंवा अर्धवट पिकलेल्या जांभळानं तोंड आवळून येतं ना, तसं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, त्यामुळे तोंड कोरडं पडतं. मांसाची चरबी आणि प्रथिनं सोबत असली की टॅनिन त्यांनाही धरतं आणि जिभेची सुटका होते. म्हणून तुरट रेड वाइन मटणाबरोबर शहाण्यासारखी वागते आणि साध्या उकडलेल्या भाजीबरोबर बोचते.

माझी एक चूक इथं सांगायला हवी. कामाच्या पहिल्याच हिवाळ्यात एका जोडप्यानं बान्या काउदा मागवलं. हा पिएमोंतेचा थंडीतला पदार्थ: ऑलिव्ह तेलात भरपूर लसूण आणि खारवलेले आंचोवी मासे मंद आचेवर विरघळवतात, मातीचं भांडं खालून गरम ठेवतात आणि कच्च्या-उकडलेल्या भाज्या त्यात बुडवून खातात. लग्नाचा वाढदिवस होता, खर्चाची तयारी होती, म्हणून मी त्यांना दहा वर्षं जुनी बारोलो, इथली महागडी, तुरट रेड वाइन, उघडून दिली. दुसऱ्याच घोटाला बाईंचा चेहरा उतरला. मी स्वतः चाखून बघितलं. गंजलेल्या लोखंडाची चव. मासा आणि रेड वाइन एकत्र आल्यावर कधी कधी तोंडात जो हिवस वास राहतो, त्याच्यामागे वाइनमधलं लोह असतं, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं आहे. मला ते त्या रात्री जिभेवर कळलं. स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं काही न बोलता कोवळ्या बार्बेराचा जग भरून पाठवला. टॅनिन कमी, आंबटपणा भरपूर. तेल आणि लसणाच्या माऱ्यापुढे ती टिकली आणि जेवण सावरलं. महाग बाटली आणि योग्य बाटली वेगवेगळ्या असू शकतात, हे मला तेव्हापासून कोणी सांगावं लागलेलं नाही.

आता नावांचा गोंधळ. कधी बाटलीवर द्राक्षाचं नाव असतं, कधी गावाचं, कधी दोन्ही. बारोलो हे गाव, तिथलं द्राक्ष नेब्बिओलो. 'बार्बेरा द'आस्ती'मध्ये बार्बेरा हे द्राक्ष आणि आस्ती हे गाव. सगळ्यांत फसवणारं नाव म्हणजे मोन्तेपुल्चानो. 'मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्सो' ही आब्रुत्सो प्रांतातली, मोन्तेपुल्चानो नावाच्या द्राक्षाची वाइन. 'वीनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो' मात्र टस्कनीतल्या मोन्तेपुल्चानो गावची, आणि तिच्यात मुख्य द्राक्ष सांजोव्हेसे. दोन अगदी वेगळ्या वाइन. बाटलीच्या मानेवरच्या कागदी पट्टीवर डीओसी किंवा डीओसीजी ही अक्षरं दिसतात. १९६३ च्या कायद्यानं ही व्यवस्था आणली. कुठल्या भागात, कुठल्या द्राक्षापासून, किती मुरवून वाइन करायची याचे नियम त्यात असतात. चव चांगली असेलच याची हमी त्यात नसते, पण अंदाज नक्की बांधता येतो.

तर तुमचा बेत.

कोथिंबीर वडी तळलेली, बेसनाची, वर तीळ, आत हिरवी मिरची. तळणीला बुडबुड्यांची वाइन लागते. तेलकटपणा तिच्याइतका कोणी कापत नाही. मिलानपासून साधारण तासाभरावर ब्रेशाजवळ फ्रांचाकोर्ता आहे. तिथं दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीतच होतं आणि साधी फ्रांचाकोर्तासुद्धा निदान १८ महिने बाटलीत यीस्टच्या साक्यावर ठेवतात. त्यातून पावाच्या करकरीत कडेसारखा जो खमंगपणा येतो, तो भाजलेल्या तिळाशी फार सुंदर जुळतो. खिशाला जड वाटली तर प्रोसेक्को घ्या. ती ग्लेरा नावाच्या द्राक्षाची, बंद टाकीत आंबवलेली, साधी आणि हलकी. फक्त लेबल नीट वाचा: 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूत'पेक्षा गोड असते. ब्रूतमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. वडीत मिरची सढळ हातानं घालणार असाल तर एक्स्ट्रा ड्राय बरी, तो गोडवा तिखटाला आवरतो.

पेस्तोबद्दल मी जरा हट्टी आहे. कच्चं तुळशीच्या जातीचं पान, कच्चा लसूण, चीज, तेल. यांच्यापुढे टॅनिन आलं की सगळं कडूजहर होतं. पेस्तो लिगूरियाचा, समुद्राकाठचा, आणि तिथं त्याच्याबरोबर वेर्मेंतीनो पितात. ही व्हाइट वाइन रानातल्या वाळक्या झुडपांसारखी वास देते आणि शेवटी थोडी खारट लागते. लिगूरियाचे लोक पेस्तोच्या पास्त्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबीही घालतात. तुम्हीही घाला, वाइनची बाजू अजून सोपी होते. वेर्मेंतीनो सार्दिनियातूनही येते. ती जरा भरीव असते, पण तीही चालेल.

शाकाहारी पाहुण्यांसाठी इथं एक महत्त्वाची गोष्ट. पार्मिज्यानो रेज्यानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्यानं, विरजतात. मेंढीच्या दुधाच्या पेकोरीनोतही बहुधा कोकराचं रेनेट असतं. ही चीज पेस्तोत येतात, रिसोत्तोतही येतात. पाहुणे काटेकोर असतील तर लेबलवर 'काल्यो वेजेताले' किंवा 'काल्यो मिक्रोबीको' लिहिलेलं चीज शोधा, सुपरमार्केटमध्ये मिळतं. काही वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग किंवा जिलेटिन वापरतात. लेबलवर 'वेगन' असेल तर ती शंका मिटते.

टोमॅटोचा झणझणीत पास्ता म्हणजे आराब्यातासारखं काही असावं. टोमॅटो आणि सांजोव्हेसे ही जोडी टस्कनीनं शतकानुशतकं घासून गुळगुळीत केलेली. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या डोंगराळ भागातल्या 'किआंती क्लासिको'त निदान ८० टक्के सांजोव्हेसे असावी लागते, आणि बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा असतो. तिच्यात आंबट चेरी असते, वाळलेल्या औषधी पाल्याचा वास असतो आणि टोमॅटोला उत्तर देईल इतका आंबटपणा असतो. पण तुम्ही 'झणझणीत' म्हणताय. तिखटावर १४ टक्के अल्कोहोल ओतलं की विस्तवावर तेल टाकल्यासारखं होतं. मिरची बेताची असेल तर किआंती, साधी आणि कोवळी. 'रिझेर्व्हा', म्हणजे जास्त मुरवलेली, नको. मिरची खरंच मराठी प्रमाणात असेल तर लांब्रुस्को काढा.

लांब्रुस्कोवर थोडं थांबतो, कारण तिला फार कमी लेखलं जातं. एमिल्यातली, मोदेनाच्या आसपासची ही बुडबुड्यांची रेड वाइन. थंड पितात, अल्कोहोल ११ टक्क्यांच्या आसपास. बाहेरदेशी एके काळी तिचं स्वस्त, गोडमिट्ट रूपच जास्त गेलं आणि नाव खराब झालं. पण ज्या प्रांतात पार्मिज्यानो, मोर्तादेल्ला आणि चरबीदार सॉसेज रोज खातात, त्या प्रांतानं ही वाइन उगाच जपलेली नाही. 'सोर्बारा' फिकट गुलाबी आणि लख्ख आंबट, 'ग्रास्पारोस्सा' गडद आणि किंचित तुरट. 'सेक्को' म्हणजे कोरडी, 'आमाबिले' म्हणजे मध्यम गोड. तिखट पास्त्याला थंडगार आमाबिले द्या आणि पाहुण्यांचे चेहरे बघा. नेपल्सकडे पिझ्झाबरोबर ग्रान्यानो पितात, तीही अशीच फेसाळ रेड वाइन. टोमॅटो, चीज आणि बुडबुडे यांचं जमतं हे दोन्ही प्रांतांना आपापल्या वाटेनं कळलं.

सांजोव्हेसेचा विषय निघालाय म्हणून सांगतो, हे द्राक्ष आपल्या सोलापूर जिल्ह्यातही आहे. अकलूज परिसरात 'फ्रातेल्ली'नं इटालियन भागीदारांबरोबर ते लावलं आणि टस्कनीचे वाइनमेकर पिएरो मासी तिथल्या वाइनचं काम बघत आले आहेत. सुट्टीला गावी गेलात तर ती आणि किआंती एका ओळीत ठेवून चाखा. एकच द्राक्ष, पण ऊन वेगळं.

रिसोत्तो. लोणी आणि चीज शेवटी घोटून घालतात, त्याला 'मान्तेकारे' म्हणतात. दाटसर, स्निग्ध भातात मशरूमचा मातीचा वास. इथं नेब्बिओलो हवी, पण बारोलो नको. बारोलो कायद्यानं निदान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात, आणि तरीही ती तरुणपणी फार तुरट असते. मशरूमच्या मुरलेल्या खारट चवीपुढे ते टॅनिन कडू होतं. 'लांगे नेब्बिओलो' घ्या. तेच द्राक्ष, त्याच टेकड्या, पण लवकर बाजारात येणारी, हलकी आणि किमतीनं बरीच स्वस्त. गुलाबाची वाळकी पाकळी आणि ओली माती असा काहीसा वास येतो तिला. ज्यांना रेड नकोच असेल त्यांना सोआवे द्या. गार्गानेगा द्राक्षाची, बदामाच्या चवीची. भाताशी तिचं कधी भांडण होत नाही.

भाजलेला मासा सोपा. लिंबू, ऑलिव्ह तेल, पार्स्ली असेल तर मार्के प्रांतातली वेर्दिक्किओ. तिचा शेवटचा कडवट सूर भाजलेल्या कातडीला शोभतो. दक्षिणेची फियानो दी आवेल्लीनो जास्त भरदार. मासा मोठा आणि चरबीचा असेल तर ती. पण 'माशाला व्हाइटच' हा नियम इटलीतही सगळीकडे चालत नाही. लिव्होर्नो बंदरातल्या काच्चुक्को नावाच्या माशांच्या दाट, लसूण-टोमॅटोच्या रश्श्याबरोबर तिथले लोक कोवळी रेड पितात. मासाच, पण जोर रश्श्याचा.

मटणासाठी मी तुम्हाला आब्रुत्सोत नेणार. आपेनिन डोंगरातला मेंढपाळांचा प्रांत. आपल्याकडचे धनगर पाऊस बघून मेंढ्या घेऊन कोकणात आणि परत घाटावर जातात, तसे तिथले मेंढपाळ शतकानुशतकं हिवाळ्यात कळप घेऊन पुल्याच्या सपाट मैदानात उतरत. त्यांचा पदार्थ आरोस्तिचीनी: मेंढीच्या मटणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, एक मांस एक चरबी असे काडीला ओवून, लांबट अरुंद शेगडीवर निखाऱ्यावर भाजलेले, वर फक्त मीठ. एका माणसाच्या पुढ्यात वीस-पंचवीस काड्या सहज संपतात. चरबी निखाऱ्यावर पडून धूर उठतो, तो धूर मटणाला लागतो. याच्याबरोबर मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्सो पितात. गडद, जांभळट, भरपूर फळ, मध्यम तुरट, अल्कोहोल डोक्यात न जाणारं. तुमचं मटण ओव्हनमध्ये रोजमेरी आणि लसणाबरोबर भाजणार असाल तर हीच घ्या. दहा युरोच्या आत-बाहेर चांगली मिळते.

मटण रात्रभर वाइनमध्ये भिजवून चार तास मंद आचेवर शिजवणार असाल, तर मात्र आमारोनेचा विचार करता येईल. व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात कोर्वीना आणि इतर द्राक्षांचे घड तोडल्यावर हवेशीर माळ्यावर एका थरात पसरून ठेवतात. डिसेंबर उजाडेपर्यंत तरी ते गाळायचे नाहीत असा नियम आहे. त्या काळात द्राक्षं सुरकुततात, वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग आटून जातो आणि साखर घट्ट होते. मी पहिल्यांदा असा माळा बघितला तेव्हा मनुक्यांचा वास जिन्यातच आला होता. म्हणूनच आमारोने पंधरा-सोळा टक्क्यांना जाते. ती दाट रश्श्याची, थंडीच्या रात्रीची वाइन आहे. मिरचीजवळ तिला अजिबात नेऊ नका.

सॅलडला वाइन शोधू नका. व्हिनेगर तिला मारतं. आर्टिचोकची भाजी टाळता आली तर टाळा, तिच्यातल्या सिनारिन नावाच्या द्रव्यामुळे पुढचा प्रत्येक घोट विचित्र गोड लागतो.

आता गोड. नियम एकच: वाइन निदान पदार्थाइतकी गोड हवी. नाताळात पानेत्तोने या गोड, केकसारख्या पावाबरोबर ब्रूत उघडणारी घरं मी इटलीतही दरवर्षी बघतो, आणि दरवर्षी ती चांगली वाइन आंबट लागून वाया जाते. पानेत्तोनेला मोस्कातो द'आस्ती हवी, जेमतेम पाच टक्के अल्कोहोलची, हलक्या फेसाची, संत्र्याच्या फुलांच्या वासाची. तुमच्या तिरामिसूत मात्र कॉफी आणि कोको आहेत. त्यांच्यापुढे मोस्कातो हरते. सिसिलीची गोड मार्साला वाइन चालेल, पण माझं मन पांतेल्लेरियाच्या पासीतोवर आहे. हे बेट सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ. वारा इतका, की वेली जमिनीत खळगा करून बुटक्या झुडपासारख्या वाढवतात. त्या पद्धतीला २०१४ मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. झिबिब्बो द्राक्षं उन्हात वाळवून केलेल्या या वाइनला जर्दाळू आणि मधाची चव असते. गोड असूनही तोंडाला मिठी बसत नाही, कारण आत आंबटपणा आहे. शाकाहारींना सांगून ठेवा: तिरामिसूतल्या मस्कारपोने या मलईदार चीजमध्ये रेनेट नसतं, पण तिरामिसूत अंडं असतं.

दहा माणसांना इतक्या बाटल्या लागणार नाहीत. ७५० मिलीच्या बाटलीतून सहा लहान पेले निघतात. माझी यादी अशी: दोन फ्रांचाकोर्ता किंवा प्रोसेक्को, एक वेर्मेंतीनो (ती पेस्तोबरोबर उघडा आणि माशालाही तीच चालू ठेवा), एक लांब्रुस्को आमाबिले, एक लांगे नेब्बिओलो, दोन मोन्तेपुल्चानो आणि पासीतोची अर्धी बाटली. वाढायचा क्रमही साधारण हाच. बुडबुड्यांची आणि व्हाइट वाइन दोन-तीन तास आधी फ्रिजमध्ये, लांब्रुस्को तासभर. रेड वाइन १६ ते १८ अंशांना चांगली लागते आणि मिलानच्या घरात तेवढा गारवा सहसा नसतो, म्हणून वाढण्याआधी तीही वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. न पिणाऱ्यांसाठी चिनोत्तो आणा. त्या कडसर संत्र्याच्या सोड्याला वाइनसारखाच घास धुऊन काढता येतो.

पासीतो एवढ्याएवढ्याशा पेल्यांतून द्या. थोडी उरेल. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलीत तर आठवडाभर सहज टिकते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून झाल्यावर तुम्ही दोघं ती गोर्गोंझोला या निळ्या बुरशीच्या चीजच्या एका तुकड्याबरोबर संपवा.